आधी अवस्था, मग सूत्र

थर्मोडायनॅमिक्सचा, म्हणजे थर्मोचा, प्रश्न समोर आला की बहुतेक विद्यार्थ्यांची नजर आधी सूत्राकडे धावते. दाब दिला आहे, तापमान दिले आहे, घनफळ विचारले आहे. लावा आदर्श वायूचे समीकरण आणि व्हा मोकळे. पदार्थ वाफ आहे, तीही उकळबिंदूला टेकलेली, इकडे लक्षच जात नाही. पुण्या-नागपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली मुले असोत, की एमएससाठी अमेरिकेत येऊन पहिल्याच गृहपाठाशी झुंजणारी, अडखळण्याची जागा एकच असते. आकडेमोड बरोबर येते, पण आकडेमोडीच्या आधीचे काम झालेले नसते. आपण नेमक्या कशाचा विचार करतो आहोत हे ठरवलेले नसते, आणि तो पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे हे तपासलेले नसते.

हा लेख त्या आधीच्या कामाविषयी आहे. सूत्रे तुमच्या पुस्तकात आहेतच. त्या सूत्रांमागच्या कल्पना हाती लागाव्यात म्हणून अमेरिकेत घडलेली एक खरी घटना घेतो. थर्मोच्या पहिल्या सहा-सात प्रकरणांतली जवळजवळ प्रत्येक कल्पना तिच्यात सापडते, आणि त्या कल्पना विसरल्या की काय होते तेही दिसते.

पेनसिल्व्हेनिया राज्यात हॅरिसबर्गपासून थोडे खाली, ससक्वेहाना नदीत थ्री माइल आयलंड नावाचे बेट आहे. त्यावर अणुवीज केंद्राचे दोन संच होते. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या संचातले फीडवॉटर पंप बंद पडले. पुढच्या काही तासांत त्या अणुभट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला. बाहेर किरणोत्सर्ग फार गेला नाही, पण अमेरिकेच्या व्यापारी अणुवीज उद्योगातला हा सर्वांत गंभीर अपघात ठरला.

आधी यंत्रणा समजून घ्या. गाभ्यातली उष्णता घेणारे पाणी एका बंद फेऱ्यात फिरते. ते सुमारे २१५० पीएसआय दाबाखाली असते आणि गाभ्यातून बाहेर पडताना सुमारे ६०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३१५ अंश सेल्सिअस इतके तापलेले असते. तरी ते उकळत नाही, कारण त्या दाबाला पाण्याचा उकळबिंदू ६४५ अंश फॅरनहाइटच्या पुढे असतो. हे पाणी स्टीम जनरेटरमध्ये दुसऱ्या फेऱ्यातल्या पाण्याला उष्णता देते, त्याची वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते. पहिल्या फेऱ्याचा दाब सांभाळायला प्रेशरायझर नावाची उंच टाकी असते. तिच्यात खाली पाणी आणि वर वाफेचा फुगा असतो. दाब कमी झाला तर हीटर लावून वाफ वाढवायची, जास्त झाला तर गार पाण्याचा फवारा मारून वाफ कमी करायची. दाब फारच चढला तर टाकीच्या माथ्यावरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो.

त्या पहाटे दाब चढला आणि तो व्हॉल्व्ह उघडला. भट्टी काही सेकंदांत आपोआप बंद झाली आणि दाब उतरू लागला. व्हॉल्व्ह मिटायला हवा होता, पण तो उघडाच अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र तो बंद असल्याचे भासवत होता. व्हॉल्व्हच्या कॉइलचा वीजपुरवठा तुटला आहे, एवढेच तो दिवा सांगत होता. व्हॉल्व्ह प्रत्यक्ष मिटला की नाही, ते सांगण्याची सोय त्यात नव्हती.

दोन आकडे सोबत वाचा

इथून थर्मो सुरू होते. दोनेक मिनिटांत दाब १६०० पीएसआयपर्यंत घसरला आणि आणीबाणीचे पंप आपोआप सुरू होऊन पाणी आत सोडू लागले. ऑपरेटर प्रेशरायझरमधल्या पाण्याच्या पातळीकडे पाहत होते, आणि ती पातळी वर चढत होती. प्रशिक्षणात त्यांना बजावलेले होते की प्रेशरायझर काठोकाठ भरू देऊ नका. वाफेचा फुगा नाहीसा झाला तर दाब सांभाळायला काहीच उरत नाही. म्हणून त्यांनी आणीबाणीच्या पंपांचा प्रवाह कमी केला. पातळी चढते आहे म्हणजे पाणी भरपूर आहे, हा त्यांचा समज होता.

कंट्रोल रूममध्ये दाबाचा आकडा होता आणि तापमानाचाही होता. ते दोन आकडे शेजारी ठेवून स्टीम टेबल उघडले असते तर गोष्ट लगेच कळली असती. ५८० अंश फॅरनहाइटच्या पाण्याचा संपृक्त दाब सुमारे १३२६ पीएसआय असतो. दाब तिथपर्यंत उतरला की ते पाणी उकळू लागणारच, मग ते पाइपमध्ये असो, पंपात असो की गाभ्यात. त्या पहाटे साधारण साडेपाच मिनिटांनी फेऱ्यात वाफेचे बुडबुडे तयार होऊ लागले होते. दाब एकटा पाहिला तर हे कळत नाही आणि तापमान एकटे पाहिले तरी कळत नाही.

अवस्था, म्हणजे तुमच्या पुस्तकातली स्टेट, ही कल्पना नेमकी हीच आहे. शुद्ध पदार्थ एकाच फेजमध्ये असेल, नुसते पाणी किंवा नुसती वाफ, तर दोन स्वतंत्र गुणधर्म कळले की बाकी सगळे ठरते. दाब आणि तापमान दिले की घनफळ, एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी टेबलात सापडतात. पण पाणी आणि वाफ एकत्र असतील तर दाब आणि तापमान स्वतंत्र राहत नाहीत. एक ठरला की दुसरा आपोआप ठरतो. मग अवस्था ठरवायला तिसरे काहीतरी लागते. ड्रायनेस फ्रॅक्शन चालेल, विशिष्ट घनफळ चालेल किंवा एन्थाल्पी चालेल. परीक्षेत दाब १० बार आणि तापमान १७९.९ अंश सेल्सिअस दिले आणि एन्थाल्पी विचारली, तर प्रश्नात माहिती अपुरी आहे हे तुमच्या लक्षात यायला हवे. १० बारला पाणी १७९.९ अंशालाच उकळते. त्या आकड्यांवरून भांड्यात सगळे पाणी आहे की सगळी वाफ, काही सांगता येत नाही.

हा नियम ज्याने सर्वांत नेटकेपणाने मांडला तो विलर्ड गिब्ज अमेरिकेचाच, येल विद्यापीठातला. स्वातंत्र्याचे अंश म्हणजे घटकांची संख्या, वजा फेजची संख्या, अधिक दोन. एकटे पाणी असेल तर एक वजा एक अधिक दोन, म्हणजे दोन. पाणी आणि वाफ असेल तर एक वजा दोन अधिक दोन, म्हणजे एक. पाणी, वाफ आणि बर्फ तिन्ही एकत्र असतील तर शून्य, म्हणून ट्रिपल पॉइंट जगात कुठेही एकाच दाबाला आणि एकाच तापमानाला सापडतो. गिब्जने १८७३ साली पदार्थाच्या सगळ्या अवस्था एका पृष्ठभागावर दाखवायची पद्धत सुचवली. ती वाचून स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलने स्वतः प्लास्टरचा तसा पृष्ठभाग घडवला आणि त्याची एक प्रत गिब्जला पाठवली. तुमच्या पुस्तकातल्या तापमान-घनफळ आलेखावरचा तो घुमट म्हणजे याच कल्पनेचा सपाट कागदावरचा भाग. प्रत्येक गणित सुरू करण्याआधी तो घुमट हाताने काढा आणि आपला बिंदू घुमटाच्या डावीकडे, आत की उजवीकडे, एवढे ठरवा. डावीकडे असेल तर सबकूल्ड पाणी, आत असेल तर मिश्रण, उजवीकडे असेल तर सुपरहीटेड वाफ. या कामाला अर्धे मिनिट लागते.

प्रेशर कुकरचे झाकण आपण दाब उतरल्याशिवाय उघडत नाही, तेही याच कारणाने. आतले पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दाब अचानक गेला तर ते सगळीकडून एकदम उकळून उसळते. थ्री माइल आयलंडला दाब कुणी मुद्दाम सोडला नव्हता, एवढाच फरक होता.

सीमारेषा कुठे आखायची

आता पातळीचे कोडे. पाणी बाहेर जात असताना प्रेशरायझरची पातळी का चढावी? कारण गळती टाकीच्या माथ्यावर होती. तिथून वाफ निसटली की माथ्यावरचा दाब उतरतो. त्याच वेळी गरम पाइपांत आणि गाभ्यात वाफेचे बुडबुडे होऊ लागतात. वाफेला पाण्यापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. ती जागा मिळवायला बुडबुडे पाण्याला ढकलतात, आणि ढकललेले पाणी जाते कुठे, तर दाब कमी असलेल्या प्रेशरायझरमध्ये. टाकीची पातळी वर जाते, गाभ्याचे पाणी मात्र घटत असते.

सिस्टिम निवडणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. प्रेशरायझर ही एक सिस्टिम आहे, संपूर्ण पहिला फेरा ही वेगळी सिस्टिम आहे. प्रेशरायझरची पातळी ही प्रेशरायझरचीच माहिती देते. फेऱ्यात सगळीकडे पाणी भरलेले असेल तरच ती माहिती पूर्ण फेऱ्याला लागू पडते. बुडबुडे झाले की ती अट मोडते. म्हणून गणित सोडवताना कागदावर तुटक रेषेने सीमा आखा. मनात आखून चालत नाही, कागदावरच आखली पाहिजे. मग त्या रेषेला ओलांडून काय जाते ते लिहा : वस्तुमान, उष्णता, काम. वस्तुमान ओलांडत नसेल तर बंद सिस्टिम, ओलांडत असेल तर कंट्रोल व्हॉल्यूम. पहिल्या वर्षातल्या निम्म्याअधिक चुका इथे कमी होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात त्या ऑपरेटरांना दोष देणे योग्य नाही. शंभराहून अधिक अलार्म एकाच वेळी वाजत होते, गाभ्यातली पाण्याची पातळी दाखवणारे उपकरणच बसवलेले नव्हते, आणि शिकवणीने त्यांची नजर प्रेशरायझरवर खिळवली होती. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष डार्टमथ कॉलेजचे गणितज्ञ जॉन केमेनी होते. त्यांच्या ऑक्टोबर १९७९ च्या अहवालाचा रोख यंत्रांपेक्षा प्रशिक्षण, कार्यपद्धती आणि व्यवस्थापनाकडे होता. ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्रात सप्टेंबर १९७७ मध्ये असाच व्हॉल्व्ह अडकला होता आणि तिथेही पातळीने फसवले होते. ती भट्टी तेव्हा फक्त ९ टक्के शक्तीवर चालत होती आणि वीसेक मिनिटांत व्हॉल्व्हची वाट बंद केली गेली, म्हणून निभावले. तो अनुभव थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत पोहोचलाच नव्हता. अपघातानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने अशा केंद्रांत पाणी उकळबिंदूपासून किती अंश दूर आहे हे थेट दाखवणारे उपकरण बसवायला लावले. दाब आणि तापमान सोबत वाचण्याचे काम त्यांनी एका काट्यावर आणले.

याउलट पालघर जिल्ह्यातल्या तारापूरचे पहिले दोन संच घ्या. १९६९ मध्ये सुरू झालेल्या त्या अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या रचनेच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. तिथे गाभ्यातच वाफ व्हायला हवी असते आणि यंत्रणा त्याच हिशेबाने बांधलेली असते. पाणी उकळते आहे ही बातमी चांगली की वाईट, हे त्या यंत्रणेची ठरलेली अवस्था कोणती यावर ठरते.

व्हॉल्व्हच्या पलीकडचे तापमान

त्या पहाटेचा आणखी एक आकडा आपल्यासाठी मोलाचा आहे. रिलीफ व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपवर तापमापक होता. त्यावर २८५ अंश फॅरनहाइटपर्यंत तापमान दिसले. नियमपुस्तिकेनुसार २०० अंशांपुढचे तापमान म्हणजे व्हॉल्व्ह उघडा असल्याची खूण. पण हा व्हॉल्व्ह किंवा शेजारचा एखादा आधीपासून थोडा गळत होता, त्यामुळे तो पाइप तापलेला असणे नेहमीचेच झाले होते. शिवाय असा विचार मनात येणे साहजिक आहे की प्रेशरायझरमध्ये वाफ ६५० अंशांची, व्हॉल्व्ह खरोखर उघडा असता तर पाइप किती तरी अधिक तापायला हवा होता. तुम्हीही कदाचित असेच म्हणाल. आता गणित करून पाहू.

सिस्टिम : व्हॉल्व्ह, आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह धरून. म्हणजे कंट्रोल व्हॉल्यूम. यात फिरणारा दांडा नाही, म्हणून काम शून्य. वाफ क्षणात पार होते, म्हणून उष्णतेची देवाणघेवाण नगण्य. पुढच्या पाइपात वेग पुन्हा मंदावला की गतिज ऊर्जाही सोडून देता येते. उरते काय? आत येणारी एन्थाल्पी आणि बाहेर जाणारी एन्थाल्पी सारखी. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

अवस्था एक : २२०० पीएसआय निरपेक्ष दाबाची कोरडी संपृक्त वाफ. टेबलात तापमान ६४९ अंश फॅरनहाइट आणि एन्थाल्पी सुमारे ११२२ बीटीयू प्रति पौंड. अवस्था दोन : दाब समजा ५० पीएसआय, एन्थाल्पी तीच ११२२. आता ५० पीएसआयची ओळ पाहा. उकळत्या पाण्याची एन्थाल्पी २५० आणि कोरड्या वाफेची ११७४. आपले ११२२ या दोहोंच्या मध्ये पडते. म्हणजे व्हॉल्व्हपलीकडे ओली वाफ आहे. ११२२ मधून २५० वजा करा, ९२४ ने भागा, ड्रायनेस फ्रॅक्शन ०.९४ येतो. आणि ओली वाफ असेल तर तापमान काय? ५० पीएसआयचा उकळबिंदू, २८१ अंश फॅरनहाइट. त्याहून एक अंशही वर नाही.

म्हणजे तापमापकावरचे २८५ अंश पूर्ण उघड्या व्हॉल्व्हशी नीट जुळतात. ६५० अंशांची वाफ साडेतीनशेहून अधिक अंश खाली उतरते आणि तरी तिची एन्थाल्पी बदलत नाही. हे उदाहरण वहीत स्वतः सोडवून पाहा, मग एकदा पलीकडचा दाब १४.७ पीएसआय धरून पुन्हा सोडवा. उत्तर २१२ अंश आणि ०.९७ आले पाहिजे.

एन्थाल्पी हा शब्द इतका वापरतो, पण तो का लागतो हे बऱ्याच जणांना सांगता येत नाही. पाइपमधून येणारा पदार्थ आपली अंतर्गत ऊर्जा घेऊन येतोच, शिवाय मागचा प्रवाह त्याला दाब देऊन आत ढकलतो, ते ढकलण्याचे कामही सीमेच्या आत येते. अंतर्गत ऊर्जा आणि हे दाब गुणिले घनफळ, यांची बेरीज म्हणजे एन्थाल्पी. म्हणून प्रवाह असेल तिथे एन्थाल्पी वापरायची. बंद, घट्ट भांड्यातले गणित असेल तर अंतर्गत ऊर्जा पुरते. कोणते वापरायचे हे तुमची तुटक रेषाच सांगते.

पहिला नियम, दुसरा नियम

पहिल्या नियमाचा हिशेब याच घटनेवर करू. भट्टी बंद झाली तरी किरणोत्सारी द्रव्यांमुळे उष्णता निघतच राहते : लगेच सहा-सात टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास. हा संच २७७२ मेगावॅट औष्णिक शक्तीचा होता, म्हणजे तासाभरानंतरही सुमारे ४० मेगावॅट उष्णता न्यायची राहते. स्टीम जनरेटरला ४० अंश सेल्सिअसचे पाणी दिले आणि त्याची ६५ बारला कोरडी संपृक्त वाफ झाली, तर दर किलोमागे सुमारे २६०० किलोजूल उचलले जातात. ४०,००० किलोवॅटला २६०० ने भागा. सेकंदाला १५ किलोच्या आसपास पाणी लागते. हे काही मोठे प्रमाण नव्हे, पण ते मिळालेच पाहिजे. त्या पहाटे पहिली आठ मिनिटे स्टीम जनरेटरला आणीबाणीचे पाणी पोहोचलेच नाही, कारण त्या पंपांपुढचे व्हॉल्व्ह बंद राहून गेले होते. त्या पहिल्या मिनिटांत उष्णता तर दीड टक्क्यापेक्षा कितीतरी अधिक असते.

इथे भाषेची शिस्त हवी. पाण्यात उष्णता साठलेली असते असे आपण बोलतो, पण थर्मोत उष्णता ही सीमा ओलांडताना असते, तेवढ्यापुरतीच. आत गेल्यावर ती अंतर्गत ऊर्जा होते. काम हेही तसेच. म्हणून उष्णता आणि काम या प्रक्रियेच्या गोष्टी आहेत, अवस्थेच्या नव्हेत. त्यांच्यासाठी स्टीम टेबलात रकाना नसतो.

दुसरा नियम पाहायचा असेल तर अशा केंद्रांच्या अजस्र कूलिंग टॉवरांकडे पाहा. २७७२ मेगावॅट उष्णतेतून वीज मिळायची सुमारे ९०० मेगावॅट. उरलेली दोन-तृतीयांश कंडेन्सरवाटे बाहेर टाकावीच लागते, त्याला पर्याय नाही. वाफ ३०० अंश सेल्सिअस आणि कंडेन्सर ४० अंश धरला तर कार्नोची मर्यादा येते ४५ टक्के. इथे तापमान केल्व्हिनमध्येच घ्यायचे : ५७३ आणि ३१३. सेल्सिअसमध्ये भागलेत तर ८७ टक्के येईल, आणि असे उत्तर लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. प्रत्यक्षातला आकडा ४५ हून कमी का? सगळी उष्णता ३०० अंशाला घेतली जात नाही, पाणी तापवण्यापासून सुरुवात असते. शिवाय टर्बाइनमध्ये, पाइपांत आणि व्हॉल्व्हांत घर्षण आहेच.

एन्ट्रॉपीची भीती घालवायला पुन्हा त्या व्हॉल्व्हकडेच जा. आत येताना वाफेची एन्ट्रॉपी १.२७ बीटीयू प्रति पौंड प्रति अंश रँकिन होती, बाहेर पडताना १.५९ झाली. ऊर्जा गेली नाही, पण त्या वाफेकडून टर्बाइनला जे काम करून घेता आले असते त्यातले बरेच कायमचे गेले. एन्ट्रॉपी किती वाढली यावरून ते किती गेले हे मोजता येते. अव्यवस्था वगैरे शब्द सुरुवातीला बाजूला ठेवा. हे दोन आकडे टेबलातून स्वतः काढा, मग कल्पना रुजते.

अभ्यास कसा करावा, आणि अमेरिकन एककांशी कसे जमवावे

भारतात बहुतेकांच्या हाती पी. के. नाग यांचे पुस्तक असते, अमेरिकेत सेंगेल आणि बोल्स किंवा मोरन आणि शपिरो. कोणतेही एक घ्या आणि त्यातली सोडवलेली उदाहरणे उत्तर झाकून सोडवा. स्टीम टेबल मात्र रोज हाताळा. हल्ली सॉफ्टवेअर क्षणात आकडा देते आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या वेबबुकवर पाण्यापासून रेफ्रिजरंटपर्यंत अनेक पदार्थांचे गुणधर्म फुकट मिळतात. तरी पहिल्या सत्रात छापील टेबल वापरा, असा माझा आग्रह आहे. बोट ओळीवरून सरकवताना दाब वाढला की लॅटंट हीट कशी घटत जाते आणि क्रिटिकल पॉइंटला शून्य होते, हे डोळ्यांना दिसते. पुढे अमेरिकेत प्रोफेशनल इंजिनिअर व्हायचे असेल तर एफई परीक्षा आहे : संगणकावर ११० प्रश्न, आणि संदर्भपुस्तिका पडद्यावरच मिळते. सूत्रे पाठ असण्याला तिथे काही किंमत नाही. कोणता प्रश्न बंद सिस्टिमचा आणि कोणता प्रवाहाचा, हे पटकन ओळखणाऱ्याला ती सोपी जाते.

एककांनी मात्र आपली मुले इथे खरोखर हैराण होतात. तीन गोष्टी पक्क्या करा. अमेरिकन गेजवरचा दाब वातावरणापासून मोजलेला असतो, टेबलातला दाब निरपेक्ष असतो; समुद्रसपाटीला फरक १४.७ पीएसआयचा. फॅरनहाइटला ४५९.६७ मिळवले की रँकिन. गुणोत्तर काढताना रँकिनच घ्यायचा, फरक काढताना दोन्ही सारखेच. आणि पौंड हा शब्द वस्तुमानालाही आहे आणि बलालाही. न्यूटनचा नियम लिहिताना ३२.१७४ चा भाजक विसरलात तर उत्तर ३२ पट चुकते, आणि इतकी मोठी चूक असूनही ती सहज नजरेतून सुटते.

एसीच्या टनाचे मूळही अमेरिकन बर्फात आहे. यंत्रे येण्याआधी न्यू इंग्लंडच्या तळ्यांतून बर्फ कापून विकला जाई. २००० पौंडांचा एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो ती एक टन शीतकरणक्षमता. पौंडाला १४४ बीटीयू, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे ३.५ किलोवॅट. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ च्या मे महिन्यात १८० टन बर्फ भुशात बांधून टस्कनी जहाजावरून कलकत्त्याला पाठवला. मुंबई आणि मद्रासलाही पुढे त्याचा बर्फ येऊ लागला. सप्टेंबरात टस्कनी जहाज कलकत्त्याला पोहोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

हे गणित वर सांगितलेल्या पद्धतीने सोडवा. सीमा : बर्फाचा ढीग. अवस्था : बर्फ आणि पाणी एकत्र, वातावरणाचा दाब, म्हणून तापमान शून्य अंश सेल्सिअसला बांधलेले. सीमा ओलांडणारे : उष्णता आत, वितळलेले पाणी बाहेर. ८० टन सुमारे १२० दिवसांत वितळले, म्हणजे रोजचा पाऊण टनाहून कमी. विषुववृत्त दोनदा ओलांडून गेलेल्या त्या लाकडी जहाजात भुशाच्या थरातून आत शिरणारी उष्णता सरासरी दोन-तृतीयांश टन, म्हणजे साधारण २.३ किलोवॅट होती. आज मुंबईतल्या एका खोलीला लावतात तो एक टनाचा एसी तेवढ्याला पुरून उरला असता.